टर्बो गाडीचा सायलेन्सर बदलायचाय? आधी गाडीखाली वाका

टर्बो पेट्रोल गाडी घेतली, पहिली सर्व्हिसिंग उरकली, की बऱ्याच जणांच्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागतो: आवाज. एक लिटरची पोलो असो, व्हर्टस असो, आय20 एन लाइन असो की दीड लिटरची टायगुन, गाडी पळते झकास, पण पळताना तोंड उघडत नाही. मग दुकानांच्या चकरा सुरू होतात. काउंटरवरचा माणूस सांगतो, "साहेब, फुल सिस्टिम टाका, पंधरा-वीस हॉर्सपॉवरचा फरक पडेल, पिकअप बघा नुसता."

पडतो का फरक? कुठे पडतो आणि कुठे नुसता खिसा हलका होतो, हे ठरवायला टर्बोचं काम कसं चालतं ते थोडं कळावं लागतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडच्या लहान टर्बो गाड्यांना बाहेरचा सायलेन्सर घ्यायचा तर आवाजासाठी आणि कारागिरीसाठी घ्या, हॉर्सपॉवरसाठी नको. आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, म्हणजे धुरातलं विष कमी करणाऱ्या कॅटला, हात लावू नका. ज्यांना हे पटतंय त्यांच्यासाठी पुढचं सगळं आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी निदान कायद्याचा भाग वाचावा.

टर्बोला काय हवं असतं

बिनटर्बोच्या इंजिनात एक्झॉस्टच्या पाइपांची लांबी आणि व्यास जुळवणं ही वेगळीच विद्या आहे. एका सिलिंडरमधून धूर सुटला की त्याच्या मागे कमी दाबाची लाट तयार होते, आणि पाइप नीट जुळलेला असेल तर ती लाट पुढच्या सिलिंडरचा धूर ओढून घ्यायला मदत करते. "थोडं बॅकप्रेशर, म्हणजे धुराला अडथळा, पाहिजेच" हा गॅरेजमधला लाडका सिद्धांत इथून आला. खरं तर तिथेही हवा असतो तो धुराचा वेग, अडथळा कुणालाच नको असतो.

टर्बो गाडीत हा हिशोब टर्बाइनपाशी, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या चाकापाशी, संपतो. टर्बाइन फिरते ती अलीकडचा दाब आणि पलीकडचा दाब यांच्या प्रमाणावर. पलीकडे म्हणजे सायलेन्सरच्या बाजूला वाट जेवढी मोकळी, तेवढं तिला बरं. समजा पूर्ण जोरात असताना हे प्रमाण दोनास एक आहे. तर पलीकडचा दाब 0.1 बारने उतरवला की तेवढंच काम करायला अलीकडे जवळजवळ 0.2 बार कमी दाब पुरतो. इंजिनला धूर बाहेर ढकलायला कमी कष्ट, टर्बो जरा लवकर जागा होतो. थोडक्यात, टर्बोच्या पलीकडे बॅकप्रेशर जितकं कमी तितकं चांगलं, आणि या बाबतीत दुकानदार बरोबर असतो.

घोळ पुढे आहे. आजच्या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, टॉर्कचं लक्ष्य ठरवून चालतो. पोलोच्या एक लिटर टीएसआयला, म्हणजे फोक्सवॅगनच्या टर्बो पेट्रोल इंजिनला, कंपनीने 110 पीएस ताकद आणि 175 एनएम टॉर्क दिला, व्हर्टसमध्ये त्याच कुळातल्या इंजिनला 115 पीएस आणि 178 एनएम. तुम्ही पाइप मोकळा केलात तर ईसीयू वेस्टगेट, म्हणजे टर्बाइनला वळसा घालून जादा धूर सोडणारं दार, थोडं जास्त उघडतो आणि आकडा जवळपास तिथेच ठेवतो. रिमॅप केल्याशिवाय, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलल्याशिवाय, मोठा फायदा पदरात पडत नाही, आणि रिमॅप केल्यावर जो वाढतो त्यातला मोठा वाटा रिमॅपचाच असतो. सायलेन्सर त्यात चमचाभर तूप घालतो, पण बिल मात्र त्याच्या नावावर फाडलं जातं.

उलटा प्रकारही होतो. वाट फार मोकळी केली आणि वेस्टगेट लहान असेल, तर जादा धूर बाजूने काढून द्यायला ते कमी पडतं आणि वरच्या आरपीएमला बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, लक्ष्याच्या वर चढत जातो. याला बूस्ट क्रीप म्हणतात. ईसीयू मग थ्रॉटल आवळतो किंवा ताकद तोडून गाडी थेट लिम्प मोडमध्ये टाकतो.

लिफ्टवर गाडी चढवा आणि ओळख करून घ्या

पैसे देण्याआधी ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी थंड असताना लिफ्टवर घ्या. दहा मिनिटांचं काम आहे, पण यानंतर कुणी तुम्हाला शब्दांत गुंडाळू शकत नाही.

पुढून मागे येऊ. आधी टर्बो. बऱ्याच नव्या इंजिनांत सिलिंडरांचा धूर एकत्र करणारा मॅनिफोल्ड वेगळा नसतोच, तो सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो. फोक्सवॅगनच्या टीएसआयमध्ये तसंच आहे, त्यामुळे "हेडर्स (बाहेरचा मॅनिफोल्ड) लावून देतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. टर्बोला चिकटूनच कॅट असतो, कारण कॅटला काम करायला साधारण 250-300 अंश सेल्सियसच्या वर तापावं लागतं आणि टर्बोजवळ तो लवकर तापतो. कॅटच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर आणि नंतर एक. टर्बोपासून खाली उतरणाऱ्या या तुकड्याला डाउनपाइप म्हणतात.

त्यापुढे जाळीदार, लवचिक असा फ्लेक्स पाइप. इंजिन हलतं, बाकीची सिस्टिम बॉडीला टांगलेली असते, मधला हा तुकडा तो हिसका सोसतो. तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच जास्त थरथरतं, तेव्हा फ्लेक्स काढून सरळ पाइप टाकणाऱ्या कारागिराकडे गाडी ठेवू नका. काही महिन्यांत कुठला तरी वेल्ड उकलतोच.

फ्लेक्सनंतर मधला पाइप, त्यावर बहुधा एक छोटा डबा, म्हणजे रेझोनेटर. शेवटी बंपरखाली मोठा डबा आणि टोकाची पुंगळी. सगळं रबराच्या हँगरवर लटकलेलं. मागच्या एक्सलच्या वरून किंवा शेजारून पाइप कसा वळलाय आणि स्टेपनीच्या खोलगटाजवळ किती जागा उरलीय, ते नीट बघा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढे लागतील.

कुठवर बदलायचं

तीन पर्याय असतात. नुसता मागचा डबा बदलला तर त्याला ॲक्सल-बॅक म्हणतात, कॅटच्या मागचं सगळं बदललं तर कॅट-बॅक, आणि टर्बोपासून सगळंच बदललं तर टर्बो-बॅक. सगळ्यात जास्त अडथळा कॅट असलेल्या डाउनपाइपमध्ये असतो, त्यामुळे ताकदीचा खरा फायदाही तिथेच असतो. आणि कायद्याची भिंतही नेमकी तिथेच उभी आहे.

मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं की कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम 182 ए आलं. त्याच्या चौथ्या उपकलमात, परवानगी नसलेला बदल मालकाने केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आवाज आणि प्रदूषणाची मर्यादा मोडली तर कलम 190 चं दुसरं उपकलम लागतं: पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने अपात्र. जप्त केलेले बुलेटचे सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडल्याचे फोटो आपण सगळ्यांनी पेपरात बघितलेत. चारचाकीला वेगळा कायदा नाही.

आता सरळ बोलू. कॅट काढून टाकणं, म्हणजे डीकॅट, हे रस्त्यावरच्या गाडीसाठी कुठल्याही तर्काने बसत नाही. गाडी पीयूसीत अडकू शकते, दुसरा ऑक्सिजन सेन्सर कॅट काम करत नाही म्हणून पी0420 चा कोड टाकून चेक इंजिनचा दिवा पेटवतो, केबिनमध्ये सिग्नलला उभं राहिलं की कच्च्या पेट्रोलचा वास येतो. 1 एप्रिल 2020 पासून बीएस6 आणि 1 एप्रिल 2023 पासून प्रत्यक्ष रस्त्यावरच्या उत्सर्जनाची अट आल्यापासून गाडीचं स्वतःवरचं लक्षही कडक झालंय. मग कुणी सेन्सरला स्पेसर लावून फसवायला सांगतं, कुणी सॉफ्टवेअरमधून तो कोड पुसायला. एक खोटं लपवायला दुसरं. शिवाय धूर खरोखरच विषारी निघतो, आणि तुमच्या मागे सिग्नलला स्कूटरवर कुणीतरी पोराला शाळेत सोडायला निघालेलं असतं.

200 सेलचा स्पोर्ट्स कॅट हा मधला मार्ग म्हणून विकला जातो. कंपनीच्या कॅटमध्ये एका चौरस इंचात साधारण 400 ते 600 बारीक वाटा असतात, इथे 200, म्हणून धूर सहज जातो. चांगल्या प्रतीचा असेल तर काम करतो, पण मंजूर केलेला भाग तो नाहीच, आणि स्वस्तातल्या 200 सेलमध्ये मौल्यवान धातूचा लेप नावापुरता असतो. कोइम्बतूरच्या कारीवर किंवा चेन्नईजवळच्या ट्रॅकवर ट्रेलरवरून नेऊन पळवायची गाडी असेल तर तो वेगळा विषय. रोज हिंजवडीला जायच्या गाडीला नको.

कॅट-बॅकमध्येही कायद्याची जोखीम शून्य होत नाही, हे लक्षात घेऊनच पुढे जा. पण कॅट शाबूत, आवाज कंपनीच्या जवळपास आणि जुना सायलेन्सर घरात, एवढं पाळलं तर निदान प्रदूषण आणि शेजाऱ्यांची झोप या दोन्ही बाजूंनी तुम्ही बरे असता. आवाजाची मंजुरी एआरएआयसारख्या संस्थांच्या चाचणीत होते. पुण्यात वेताळ टेकडीवर फिरायला जाणारे जिला एआरएआयची टेकडी म्हणतात, ती हीच संस्था. तुम्ही बनवून घेतलेल्या डब्याची तशी चाचणी झालेली नसते, आणि दुकानातल्या मोबाइल ॲपवरच्या डेसिबलला तिथे काडीचीही किंमत नाही.

वॉरंटी आणि विमा याच टप्प्यावर उरकून घ्या. डीलरच्या सर्व्हिस ॲडव्हायझरला तोंडी विचारू नका, ईमेल करा. टर्बो किंवा कॅटचा क्लेम नाकारायला बदललेला एक्झॉस्ट हे आयतं कारण असतं. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी सर्व्हेयरला गाडीखाली बघायला जेमतेम मिनिट लागतं.

डिझेलवाल्यांसाठी एवढंच: तुमच्या बीएस6 गाडीत धुरातली काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ आहे, त्याला हात लावणं म्हणजे डीकॅटचाच मोठा भाऊ. आणि डिझेलचा सायलेन्सर मोकळा करून ट्रॅक्टरचा आवाज मिळतो, तो फुकटही ऐकता येतो.

व्यास

इथे मोठं म्हणजे चांगलं असं वाटून लोक फसतात. दोन इंची पाइपावरून अडीच इंचीवर गेलात तर आतलं क्षेत्रफळ दीडपटीहून थोडं जास्त होतं, अडीचवरून तीनवर गेलात तर आणखी सुमारे 44 टक्के वाढतं. एक लिटरच्या, सव्वाशे पीएसच्या आतल्या गाडीला दोन ते सव्वादोन इंच पुष्कळ झालं. दीड लिटर, 150 पीएसला सव्वादोन ते अडीच. दोन लिटरची, रिमॅप केलेली ऑक्टाव्हिया असेल तर अडीच ते तीन. टर्बोच्या मागे जास्त व्यासाने ताकद कमी होत नाही, पण लहान गाडीत ती वाढतही नाही. पाइप जड होतो, एक्सलला खेटतो, आणि आवाज पोकळ, डब्यात बडवल्यासारखा येतो.

एक गोष्ट मात्र मोजून घ्या. अडीच इंच म्हणताना बाहेरचा व्यास म्हणतोय की आतला, आणि सगळीकडे तेवढाच आहे का. अडीच इंची पाइपाच्या टोकाला कंपनीच्या फ्लँजवर, म्हणजे बोल्टने जोडायच्या चकतीवर, आवळून पावणेदोन इंच केलेले नमुने बाजारात मिळतात. पुंगळीचा व्यास तर निव्वळ दागिना असतो.

डबा, रेझोनेटर आणि घूं

सगळ्यात जास्त पस्तावा होतो तो या भागात. दुकानात एका जागी उभं राहून रेस केली की सगळेच सायलेन्सर गोड वाटतात. घरी आल्यावर, आठवड्याने नाशिकला निघाल्यावर, ताशी 90 वर टॉप गिअरमध्ये कानात एक जाड "घूं" बसतो आणि इगतपुरीपर्यंत डोकं उठतं. त्याला ड्रोन म्हणतात.

हे गणित समजून घेण्यासारखं आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे 2000 आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला साधारण 67 धडाके, तीन सिलिंडरच्या इंजिनात 50. बंद काचांची केबिन अशा खालच्या सुरांना साथ देते, पातळ पत्रे थरथरतात आणि आवाज बाहेरच्यापेक्षा आतच जास्त त्रास देतो. टॉप गिअरला हायवेवर गाडी नेमकी 2000 च्या आसपास फिरत असते, हे आपलं नशीब.

दीड लिटर टीएसआयवाल्यांना यात जादा भानगड आहे. त्या इंजिनात हलक्या भारावर मधले दोन सिलिंडर बंद होतात. मग धडाक्यांची वारंवारता निम्म्यावर, 33 च्या आसपास येते. कंपनीचा सायलेन्सर हे गृहीत धरून बनवलेला असतो. बाहेरचा सायलेन्सर बहुतेक वेळा फक्त चार सिलिंडर डोळ्यासमोर ठेवून बनतो, आणि मीटरवर दोन सिलिंडरचा मोड दिसला रे दिसला की मागून म्हैस हंबरल्यासारखा आवाज येतो. ही गाडी असेल तर त्याच इंजिनावर, त्याच मोडमध्ये ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका.

ड्रोन मारायचे उपाय तीन. पहिला, रेझोनेटर ठेवा. "रेझोनेटर डिलीट" नावाने तो कापून देतात. स्वस्त काम आहे, आणि स्वस्तातलं ते लगेच कळतं. दुसरा, मागचा डबा पुरेसा मोठा असू द्या, कारण खालचे सूर गिळायला आतमध्ये जागाच लागते. तिसरा, पाइपाला बाजूने एक बंद टोकाची नळी जोडायची, जिच्यातून परत आलेली लाट मूळ लाटेला मारते. तिची लांबी ध्वनीच्या वेगाला वारंवारतेच्या चौपटीने भागून येते. मधल्या पाइपात धूर 300 अंशाच्या आसपास असेल तर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 480 मीटर धरा. 73 हर्ट्झचा, म्हणजे चार सिलिंडरचा 2200 आरपीएमचा घूं मारायला 1.6 मीटरच्या आसपास नळी लागते, ती वळवून कशीबशी बसते. तीन सिलिंडरच्या 50 हर्ट्झला हीच नळी 2.4 मीटर होते, आणि हॅचबॅकच्या पोटाखाली ती बसवायची कुठे? म्हणून लहान तीन सिलिंडरच्या गाडीला मोठा डबा आणि चांगला रेझोनेटर हाच व्यवहारी मार्ग.

डब्याच्या आत काय आहे ते विचारा. सरळ प्रकारात मधून भोकं पाडलेली नळी जाते आणि भोवती काचतंतू किंवा बेसाल्टची लोकर भरलेली असते. अडथळा जवळजवळ नाही, वरचे तीक्ष्ण सूर छान गिळतो, खालच्या सुरांपुढे थोडा हतबल. दुसऱ्या प्रकारात कप्पे असतात, धूर वळसे घेत जातो, शांत असतो पण वाट अडते. टर्बो गाडीला सरळ प्रकारचा डबा बरा, कारण टर्बाइनने धुराचे ठोके आधीच अर्धेअधिक चुरलेले असतात. म्हणूनच तोच डबा बिनटर्बोच्या गाडीवर कानठळ्या बसवतो आणि तुमच्या गाडीवर सभ्य वाटतो. "टर्बो मफलर" असं छापलेला डबा दिसला तर भुलू नका, त्या नावाचा डबा वळशांचा असतो आणि त्याचा तुमच्या टर्बोशी संबंध नाही.

लोकर कशी भरलीय हे महत्त्वाचं. नुसता काचतंतू कोंबला असेल तर तो उष्णतेने आणि धक्क्यांनी सुटून पुंगळीतून उडत राहतो. नळीभोवती आधी स्टीलच्या तंतूंचा थर, मग लोकर, असं असेल तर डबा वर्षानुवर्षं आवाज धरून ठेवतो. नवा सायलेन्सर पहिले काही आठवडे शांत आणि मग हळूहळू मोठा होत गेला, तर समजा की लोकर निघून चाललीय.

व्हॉल्व्हवाला सायलेन्सर, बटणाने उघड-बंद होणारा, हा खर्चिक पण समंजस पर्याय वाटतो. बंद असताना हायवेवर डोकं शांत राहतं. पण बटण बंद होतं म्हणून पोलीस सोडतील असं समजू नका. आणि पावसाळ्यात चिखल बसून आतली झडप अडकते, तेव्हा ती हलवणारी मोटर कुठे बसवलीय ते बघा.

ॲक्सिलरेटर सोडताना मागून फटाके फुटावेत अशी काहींची हौस असते. ते सायलेन्सरमधून येत नाहीत, ईसीयूच्या मॅपमधून येतात: इग्निशन मागे ओढून, म्हणजे ठिणगी उशिरा टाकून, पेट्रोल एक्झॉस्टमध्ये पेटवायचं. ते पेटतं कॅटजवळ. कॅटची किंमत एकदा डीलरकडे विचारून बघा, हौस तिथेच फिटेल.

धातू, बाक आणि वेल्ड

कंपन्या बहुतेक 409 ग्रेडचं स्टेनलेस वापरतात. त्यात क्रोमियम 11 टक्क्यांच्या आसपास, चुंबक चिकटतो, वरून तांबूस पडतो पण वर्षं काढतो. बाहेरचे चांगले सायलेन्सर 304 मध्ये येतात, साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल. कोकणात, गोव्यात, मुंबईच्या किनाऱ्यालगत गाडी उभी राहत असेल तर 304 लाच जा. टायटॅनियम स्टीलच्या तुलनेत चाळीसेक टक्के हलकं, पण पोलोवर टायटॅनियम लावणं म्हणजे निव्वळ पैशाचा माज.

चुंबकाची परीक्षा सगळे सांगतात: चिकटला नाही म्हणजे 304. अर्धवट सल्ला आहे. आपल्या बाजारात 200 सिरीजचं स्टेनलेस, 202 किंवा जे4 नावाचं, भरपूर आहे. त्यालाही चुंबक धरत नाही, ते स्वस्त असतं आणि खाऱ्या हवेत लवकर गंजतं. उलट खऱ्या 304 लाही वाकवलेल्या जागी चुंबक किंचित धरतो. तेव्हा चुंबक सरळ भागावर लावा, आणि तरीही बिलावर "एसएस 304" असं स्पष्ट लिहून घ्या. लिहून द्यायला जो कचरतो तो उत्तर देऊनच गेला.

304 चं एक वैशिष्ट्य फार कमी कारागीर लक्षात घेतात. तापल्यावर ते 409 पेक्षा जास्त पसरतं. तीन मीटरची सिस्टिम 300 अंशांनी तापली तर लांबीत पंधराएक मिलिमीटर वाढते, 409 मध्ये हीच वाढ दहाच्या आसपास. थंड गाडीवर बंपरपासून बोटभर अंतर ठेवून बसवलेली पुंगळी खंडाळ्याचा घाट चढून आल्यावर बंपरला टेकते आणि प्लास्टिक वितळवते, ते यामुळे. हँगर पुढेमागे हलू शकतील असेच लावायला सांगा.

बाक बघा. मॅन्ड्रेल बेंडिंगमध्ये आतून आधार देऊन पाइप वाकवतात, त्यामुळे वळणावरही तो गोलच राहतो. साध्या बेंडिंगमध्ये वळणाच्या आतल्या अंगाला सुरकुत्या पडतात आणि पाइप चपटा होतो. अडीच इंचाचे पैसे दिलेत आणि वळणावर दोन इंच मिळाले, असा तो सौदा. वळणावर अंगठा फिरवला तरी कळतं.

वेल्डिंगसाठी मोबाइलचा टॉर्च घ्या आणि पाइपच्या आत डोकवा. बाहेरून इंद्रधनुषी रंगाचे खवले दिसले की गिऱ्हाईक खूश होतं, पण खरं आत कळतं. आर्गन वेल्डिंग करताना पाइपच्या आतही आर्गन सोडला असेल तर जोडाची आतली रेघ स्वच्छ, चंदेरी किंवा फिकट सोनेरी असते. सोडला नसेल तर तिथे काळा, खरबरीत, फुटलेल्या दाण्यांसारखा थर दिसतो. तो जोड ठिसूळ असतो, पहिला तडा तिथेच जातो. कंपनीच्या फ्लँजला 304 जोडताना कोणती तार वापरणार तेही विचारा. 304 ला 304 जोडायला 308 एलची तार, आणि साध्या लोखंडाला 304 जोडायचं असेल तर 309 एलची. हे ऐकून ज्याचे डोळे चमकतात, त्याच्याकडे काम द्या.

तयार घ्यायचा की बनवून

तयार कॅट-बॅक घ्यायचा तर तो तुमच्याच गाडीच्या इंजिन, गिअरबॉक्स आणि वर्षासाठी आहे ना, ते बघा. युरोपातल्या पोलोसाठी बनवलेला पाइप चाकणमध्ये बनलेल्या पोलोला बसेलच असं नाही, मागचा बंपर आणि हँगरच्या जागा वेगळ्या असू शकतात. परदेशातून मागवलात तर कस्टम ड्युटी धरून हिशोब करा, आणि बसला नाही तर परत पाठवायचा खर्च कोण देणार ते आधी ठरवा.

पुण्या-मुंबईत बनवून देणारे कसबी लोक आहेत. भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांत हात बसलेला फॅब्रिकेटर जे काम करतो ते पाहून आयात विसरायला होतं. पण तिथे नमुना तुम्हीच ठरवायचा असतो. लेखी द्या: व्यास किती, रेझोनेटर कुठे, डबा किती मोठा, फ्लेक्स कुठल्या प्रतीचा, आणि सगळं कंपनीच्या मूळ फ्लँजवर बोल्टने बसेल असं. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. कंपनीचा पाइप कापू द्यायचा नाही. काही गाड्यांत कॅटनंतरचा पाइप अखंड येतो आणि कारागीर करवत काढतो. अशा वेळी डीलरकडून किंवा नाना पेठेतून, कुर्ल्यातून जुना पाइप मिळवून तो कापायला द्या.

त्या कारागिराने तुमच्याच मॉडेलवर केलेली गाडी मागा आणि मालकासोबत एक चक्कर मारा. काचा बंद, एसी चालू, टॉप गिअर, हलका चढ, 1800 ते 2500 आरपीएम. शेजारच्याशी नेहमीच्या आवाजात बोलता आलं पाहिजे. मागच्या सीटवरही बसून बघा, कारण आई-बाबा तिथे बसणार आहेत. मोबाइलवरच्या क्लिपवर विसंबू नका, मोबाइल खालचे सूर टिपतच नाही आणि ड्रोन तेवढ्यातच लपलेला असतो.

बसवल्यावर

गाडी लगेच घेऊन पळू नका. थंड इंजिन चालू करून कारागिराला पुंगळीवर जाड फडक्याने क्षणभर हात दाबायला सांगा. कुठे गळती असेल तर फुसफुस ऐकू येते. सेन्सरजवळची गळती जास्त वाईट: बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर चुकीचं वाचतो आणि ईसीयू नसत्या दुरुस्त्या करत बसतो.

मग चार माणसं बसवून सोसायटीच्या दारातला सगळ्यात उद्धट स्पीडब्रेकर पार करा. घासलं तर लगेच परत. अर्ध्या तासाच्या रपेटीनंतर पाइप आणि मागचं एक्सल, ब्रेकच्या नळ्या, पेट्रोलची टाकी यांच्यात किती जागा आहे ते पुन्हा बघा, कारण आता तो पसरलाय. कंपनीने लावलेले उष्णतारोधक पत्रे काढून टाकले असतील तर परत लावून घ्या. शंभरेक किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट एकदा आवळायचे.

डब्याच्या तळाला बारीक भोक दिसलं तर एम-सील लावून बुजवू नका. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, छोट्या फेऱ्यांत ते डब्यात साठतं, आणि त्या भोकातून निचरतं. पावसाळ्यात सकाळी पुंगळीतून थेंब पडतात तेही हेच.

पीयूसी नव्याने काढून घ्या, जुनं वैध असलं तरी. कॅट ठीक असेल तर आकडे पहिल्यासारखेच येतात, आणि आले नाहीत तर काहीतरी चुकलंय हे तुम्हाला पोलिसांच्या आधी कळतं.

जुना सायलेन्सर भंगारात देऊ नका, कारागीर "ठेवून घेतो" म्हणाला तरी. आतलं पाणी निथळू द्या, फ्लँजला थोडं तेल लावा, दोन्ही तोंडं प्लास्टिकने बांधा आणि माळ्यावर टाका. गाडी विकताना, वॉरंटीच्या कामाला नेताना किंवा आरटीओत जाताना तोच लागणार आहे. परत बसवताना गॅस्केट नवं घ्या. एकदा दबलेलं गॅस्केट दुसऱ्यांदा धरत नाही.